क्राऊन-पिनियनचा शेंदूर

मालक गेले तेव्हा ती लाल गाडी आमच्या गॅरेजात चार लोखंडी घोड्यांवर, म्हणजे टेकूंवर, उभी होती. मालक म्हणजे माझा नवरा. परभणीकडे बायका तसंच म्हणतात, आणि कोकणातून लग्न होऊन इतक्या लांब आल्यावर मीही तेच म्हणायला लागले. दुपारी जेवून ते खाटेवर आडवे झाले. चहाला उठवायला गेले तर अंग गार. डॉक्टर म्हणाले, हृदय. त्या दिवसातलं मला फार आठवत नाही. ट्रेमध्ये काढून ठेवलेले नटबोल्ट आणि त्यांच्यावर मालकांनी टाकलेलं फडकं, एवढं मात्र स्वच्छ दिसतं.

गाडी बोरीच्या एका बागायतदाराच्या मुलाची. दोन दारांची, बुटकी, परदेशी. हैदराबादहून कुणाची तरी जुनी घेतलेली. मोठ्या वेगासाठी बनवलेली, म्हणून तिचा मागचा गिअर लांब होता. मागच्या दोन चाकांच्या मध्ये जो गोळा असतो त्याला डिफरन्शियल म्हणतात. त्यात क्राऊन नावाचं मोठं दातेरी चक्र असतं आणि त्याला फिरवणारं लहान पिनियन. पिनियनच्या किती फेऱ्यांना चाकाचा एक फेरा होतो, त्यावर गाडी नुसती पळणारी की उचल घेणारी ते ठरतं. मुलगा मालकांना म्हणाला होता, "काका, आपल्या रस्त्याला शंभरच्या पुढं जायला जागाच न्हाई. लांब गिअर काय चाटायचाय? मला उचल पायजे." दातांचं प्रमाण बदललेली नवी क्राऊन-पिनियनची जोडी त्यानं मागवून आणून दिली होती. मालकांनी जुनी काढली आणि नवी बसवायच्या आत ते गेले.

दहाव्याला माझा भाऊ कोकणातून आला. धाकटे दीर, म्हणजे भाऊजी, शेती बघतात. भाऊजी आणि भाऊ अंगणात बसून बोलले. तेरावा झाला की गॅरेजला कुलूप लावायचं, लाल गाडी टेम्पोवर चढवून मुलाला परत करायची आणि मी भावाबरोबर माहेरी जायचं, असं ठरलं. मूलबाळ नाही, इथे राहून करायचं काय, असं भाऊजी म्हणाले. म्हणताना त्यांचे डोळे भरून आले होते. कोणी वाईट बोलत नव्हतं, हीच पंचाईत होती. वाईट बोलले असते तर मला भांडता आलं असतं.

मला जायचं नव्हतं. माहेरचं घर आता भावजयीचं. माझी शाळा आठवीत सुटली. मला जे काही येतं ते या पत्र्याच्या शेडमध्ये मालकांनी शिकवलं. आधी पाने पुसायला बसवलं, मग पाने द्यायला, मग जीपच्या मागच्या गोळ्यात हात घालायला. लोक हसायचे, बायकोला ग्रीस फासतो म्हणायचे. मालक म्हणायचे, तिची बोटं बारीक आहेत, माझी जात नाहीत तिथे जातात. तेवढ्यानं लोक गप्प बसायचे. त्यांचे हे उपकार मला त्या दिवसांत फार आठवायचे, आणि रडू मात्र येत नव्हतं. आतून सगळं बधिर झाल्यासारखं होतं. दाताच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर ओठ आपला वाटत नाही, तसं.

मी सासूबाईंना म्हणाले, "आत्या, गाडी अर्धी उघडी परत द्यायची नाही. मी बसवते."

आत्या म्हणाल्या, "बसव. पर शेंदराला हात लावू नगंस. सुतक हाय."

आता हे शेंदराचं सांगायला हवं. क्राऊन आणि पिनियनचे दात एकमेकांवर नेमके कुठे टेकतात हे डोळ्यांनी दिसत नाही. म्हणून क्राऊनच्या चार-सहा दातांना तेलात कालवलेला शेंदूर फासायचा आणि चक्र फिरवायचं. जिथे दात टेकतात तिथला शेंदूर पुसला जाऊन ठसा उमटतो. ठसा दाताच्या मधोमध आला तर काम बरोबर. बुडाशी आला तर पिनियन जास्त आत गेलंय, टोकाशी आला तर बाहेर राहिलंय. मग पिनियनच्या मागची पातळ चकती बदलायची. शहरात यासाठी ट्यूबमधला रंग मिळतो म्हणे. आमच्याकडे पहिल्यापासून शेंदूर. मालक पूजेच्या दुकानातून आणायचे, आधी भिंतीवरच्या मारुतीला एक बोट लावायचे आणि मग दातांना. डबी एकच. त्यामुळे ती डबी देवाचीच झाली होती आणि सुतकात आत्यांनी ती उचलून घरात फळीवर ठेवली होती.

आता शेंदराशिवायच काम करावं लागणार होतं. घरात कपड्यांची नीळ होती. ती ग्रीसमध्ये कालवली आणि दातांना लावली.

पिनियन बसवलं, चकती जुनीच ठेवली, बेअरिंगं लेथवाल्या चाचांनी आपल्या दाबायच्या प्रेसवर बसवून दिली. चाचांचं दुकान आमच्या भिंतीला भिंत लावून आहे. त्यांनी काही विचारलं नाही, फक्त चहा पाठवत राहिले. नीळ लावून मी चक्र फिरवलं. नवे दात काळसर होते, निळा रंग त्यांच्यावर धड दिसेना. मला एक पट्टा मधोमध दिसला, किंवा दिसायला हवा होता म्हणून दिसला. पुन्हा पाहिलं, तिसऱ्यांदा पाहिलं. मला सगळंच पुन्हा पुन्हा बघायची सवय आहे, दाराची कडीसुद्धा. पण तीन वेळा चुकीचंच बघितलं तर ते बरोबर होत नाही. गोळा बंद केला, तेल भरलं, चाकं लावली.

मुलगा बोरीहून आला. मला शेजारी बसवून पेडगावच्या रस्त्याला गाडी काढली. उचल आली होती, पाठ सीटला चिकटत होती. पण साठच्या आसपास मागून आवाज यायला लागला. घुंई, एकसारखा, कान दुखेल असा. पाय उचलला की थांबायचा, दिला की परत. मुलगा भला होता. म्हणाला, "राहू द्या काकू. आवाजानं काय होतंय?"

काय होतं ते मला माहीत होतं. ओरडणारे दात एकमेकांना खातात. मला भीती वाटायला हवी होती, कारण इथे राहायची माझी सगळी भिस्त या गाडीवर होती. भीतीही लांबून कुणाची तरी असल्यासारखी वाटली.

गाडी फाटकातून आत येताना आत्या ओट्यावर बसल्या होत्या. आत्यांचं माहेर मेंढरांचं. कळपात कोणतं कोकरू कुठून ओरडतंय ते त्या न बघता सांगतात. गाडीचा आवाजही त्यांनी लांब रस्त्यावरूनच ऐकला असावा. मी उतरल्यावर त्यांनी विचारलं, "ती वरडायलीय का?"

मी हो म्हणाले.

"माह्या लेकाची गाडी कधी वरडली न्हाई."

नीळ दिसत नाही, असं सांगायचं होतं, पण ते सुतकावर ढकलल्यासारखं झालं असतं. आत्याच पुढं म्हणाल्या, "कामून वरडायलीय?" मग मी सांगितलं. ठसा दिसला नाही, शेंदूर असता तर दिसला असता.

भाऊजी तिथंच होते. म्हणाले, असू दे वहिनी, झालं तेवढं पुष्कळ, तेरावा झाला की लगेच टेम्पो सांगितलाय.

आत्या उठल्या, आत गेल्या. फळीवरून डबी घेऊन आल्या आणि माझ्या हातात दिली. भाऊजी म्हणाले, "माय, आजून तेरावा न्हाई झाला."

"देवाला लावाय न्हाई जायलोत," आत्या म्हणाल्या. "लोखंडाला कसलं आलंय सुतक? आन् असलंच तर मला लागंल. तू टेम्पोवाल्याला फोन कर, येऊ नगंस म्हणावं."

गाडी परत घोड्यांवर चढली. गोळा परत उतरला. शेंदूर तेलात आत्यांनीच कालवला, मेंढरांना खुणेचा गेरू कालवतात तसा, दोन बोटांनी. मी फासला, चक्र फिरवलं. ठसा दातांच्या टोकाशी, नखाएवढा, चकचकीत. पिनियन बाहेर राहिलं होतं. चाचांनी बेअरिंग काढून दिलं, मी जाड चकती घातली, परत फासलं. ठसा खाली सरकला, पण थोडा जास्तच. आणखी एक चकती बदलली. या वेळी तो मधोमध आला. आत्या वाकून बघत होत्या. त्यांना त्यातलं काय कळलं माहीत नाही. "हं," एवढंच म्हणाल्या.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मुलगा गाडी घ्यायला आला. दोनच सीटा. मी पुढे झाले तर आत्या म्हणाल्या, मी बसते. डोक्यावरचा पदर सावरत त्या त्या बुटक्या गाडीत शिरल्या, शिरल्या म्हणजे मी आणि भाऊजींनी मिळून त्यांना आत बसवलं. मुलगा बिचारा लाजून गेला. गाडी पेडगावकडे गेली. मी दारात उभी राहिले. भावाची पिशवी भरलेली ओट्यावर होती, माझीही. रस्त्याकडे कान लावून होते, पण नुसता कापसाच्या ट्रॅक्टरचा आवाज येत होता.

परत आल्यावर मुलानं सांगितलं की काटा आता खऱ्यापेक्षा जास्त वेग दाखवतोय, तो दुरुस्त करायला लागेल. ते मला माहीत होतं, गिअर बदलला की होतं तसं. आवाजाबद्दल तो बोललाच नाही. आत्यांना उतरवायला पुन्हा दोघं लागलो. उतरल्यावर त्या भाऊजींकडे बघून म्हणाल्या, "गप हाय."

त्याच वेळी वालूरची काळी-पिवळी जीप फाटकात येऊन थांबली. ड्रायव्हर जुनं गिऱ्हाईक, त्याला कुणी कळवलं नसावं. खिडकीतूनच म्हणाला, मागून खडखड करायलीय, वस्ताद हायेत का?

भाऊजींच्या हातात कुलूप होतं.

"वस्ताद गेला रे बाबा," आत्या म्हणाल्या. "सून हाय. आत घे गाडी."

ड्रायव्हर खाली उतरला, टोपी काढून थोडा वेळ उभा राहिला. मग जीप आत घेतली. भाऊजींनी कुलूप खिशात घातलं आणि भावाला एसटी स्टँडवर सोडायला मोटरसायकल काढली. भाऊ जाताना मला म्हणाला, फोन कर. मी हो म्हणाले. मला तेव्हाही रडू आलं नाही, बरंही वाटलं नाही. मी जीपखाली जॅक सरकवला.