तुमचे उपवास कोणते, वहिनी?

गोळ्यांचे एक पाकीट, त्याला पैसे नाहीत. रक्तवाढीच्या गोळ्यांची पुडी, तीही फुकट. कोराडीहून शहरात जाण्यायेण्याचे बसभाडे दीड रुपया, आणि मधलीने परतताना हट्ट केला म्हणून चार आण्यांचे फुटाणे. सिस्टर यशोधराबाई गजभिये यांची आणि माझी ओळख झाली त्या दिवशी घरात आले ते एवढे आणि खर्च झाला तो एवढा. बाईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या अंकात त्यांच्या सोबतच्या सिस्टर भगिनी त्यांच्या नोकरीविषयी लिहितीलच. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली गृहिणी. माझ्या घरापुरते मला माहीत आहे, तेवढे लिहिते.

आमचे यजमान कोराडीच्या वीज केंद्रात, राहणे तिथल्याच क्वार्टरमध्ये. सासूबाई आमच्याजवळ असत. तिसऱ्या बाळंतपणात माझे फार रक्त गेले. पुन्हा दिवस राहिले तर बाईमाणूस वाचेल याची हमी मी देत नाही, असे डॉक्टरीणबाईंनी यजमानांना बाजूला घेऊन सांगितले होते. रक्त भरेपर्यंत मुले बंद करण्याचे माझे ऑपरेशनही करता येत नव्हते. यजमानांच्या ऑपरेशनाचे तर बोलूच नका. त्या दिवसांत तो विषय निघाला की कॉलनीतले पुरुष ड्यूटीचे निमित्त सांगून उठत. म्हणून तोवर गोळ्या घ्याव्या असे ठरले आणि मी बाईंच्या कुटुंबनियोजन केंद्रात गेले.

बाई टेबलावर एका ताटात सगळे मांडून ठेवीत: लूप, तांबी, निरोध, गोळ्यांचे पाकीट. जी बाई येईल तिने प्रत्येक वस्तू हातात घेऊन पाहावी असा त्यांचा नियम होता. आवाज खाली करून बोलणे त्यांना माहीत नव्हते. एका तरुण बाईने निरोध पाहून पदर तोंडावर ओढला, तेव्हा बाई म्हणाल्या, "लाजतेस काहून वं? तुह्या घरवाल्याची वस्तू आहे, तुले काही घालाची नाही." सगळ्या हसल्या. पदराआडची पण हसली आणि तिने हात पुढे केला.

मला त्यांनी गोळी कशी घ्यायची ते नीट सांगितले. रोज, एकाच वेळेला, विसरायची नाही. शेवटी विचारले, "समजलं?" मी म्हटले, समजले. आणि मला समजलेही होते. पण सोमवारी माझा उपवास असे. शिवाय एकादशी आणि चतुर्थी. आजारी माणसाने उपवासाला औषध घेतले तर चालते, हे मला ठाऊक होते. पण मी आजारी नव्हते. आजार नाही तर ते औषध नाही, आणि औषध नाही तर ते खाणेच झाले. असा विचार करून उपवासाच्या दिवशीची गोळी मी एका डबीत काढून ठेवू लागले. फुकट मिळालेली वस्तूही वाया घालवू नये, पुढच्या महिन्यात कामी येईल, हाही हिशेब मनात होताच.

आमच्याकडे पाळीच्या वेळी बाहेर बसण्याची पद्धत होती, त्यामुळे माझ्या तारखा सासूबाईंना तोंडपाठ असत. एका सकाळी त्या म्हणाल्या, "काहून वं, या खेपेले बाहेर नाही बसली?" मी काहीतरी उत्तर दिले. डॉक्टरीणबाईंचे शब्द आणि तिन्ही मुलांची तोंडे डोळ्यांपुढून हलेनात. दुपारची बस धरून मी बाईंकडे गेले. सोबत डबी नेली होती.

"हे काय होय, वहिनी?"

"वाचलेल्या गोळ्या."

"वाचल्या कशा?"

मी उपवास सांगितले.  त्या रागावतील म्हणून मी तयारीने गेले होते. त्या म्हणाल्या, "यात माझंच चुकलं. मी समजलं का म्हणून विचारलं, तुमच्या घरात कोणता वार कसा जाते ते विचारलंच नाही. आमच्या बाबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरी उपवास नाहीत. माझ्या डोक्यातच नाही आलं." त्यांनी तपासणीला नमुना घेतला, रिपोर्ट येईपर्यंत गोळी बंद ठेवायला सांगितली, आणि यजमानांपासून दूर राहायलाही सांगितले. मग विचारले, "सासूबाईंशी मी बोलू का? तुम्ही हो म्हटलं तरच." मी हो म्हटले.

सुटीच्या दिवशी कोळशाच्या ट्रकांची धूळ खात बाई आमच्या दारात उभ्या राहिल्या. सासूबाईंनी सगळे ऐकून घेतले.

"म्हणजे पोरं नको म्हणून हे गोळ्या खाऊन राहिली, अन् मले पत्ता नाही."

"पोरं नको म्हणून नाही, आई. आहेत त्या तिघांले माय राहावी म्हणून."

 सासूबाई म्हणाल्या, "ते ठीक आहे. पण उपासाले कशी खाईन ते?"

"मले उपासातलं काही समजत नाही," बाई म्हणाल्या. "तुम्हीच शिकवा. उपासाले तुम्ही काय काय घेता?"

"भगर, शेंगदाण्याची आमटी, साबुदाणा. चहा घेते."

"अन् तंबाखू?"

सासूबाईंच्या गालात तेव्हाही तो होताच. त्या म्हणाल्या, "ते काय खाणं होय काय? ते तर सवय होय."

"मग ही पण सवयच होय, आई. रोजची."

सासूबाईंनी बाईंकडे रोखून पाहिले आणि पदर तोंडाला लावून हसू लागल्या. "भल्ली चालाक आहेस वं नर्सबाई. जाय, दिवा लागला का मीच देत जाईन तिले." त्या दिवशी बाईंना आमच्या घरच्याच कपात चहा मिळाला. आमच्या स्वयंपाकघरात ते पहिल्यांदा घडले. याहून जास्त मी लिहीत नाही, बाई समजतील.

रिपोर्ट यायच्या आधीच मी बाहेर बसले. सून बाहेर बसली म्हणून सासूने देवापुढे साखर ठेवल्याचे मी दुसरीकडे कुठे ऐकलेले नाही. आमच्याकडे सासूबाईंनी ठेवली. पुढे नवे पाकीट सुरू झाले, आणि रक्त भरून ऑपरेशन होईपर्यंत तुळशीपाशी दिवा लावला की त्या हाक मारीत, "ये वं, सवय घेऊन घे."

त्यानंतर बाईंनी 'समजलं का' हा प्रश्न विचारल्याचे मला आठवत नाही. नवी बाई आली की त्या आधी विचारीत, "तुमचे उपवास कोणते, वहिनी?" मुसलमान भगिनींना रोज्याच्या महिन्याचे विचारीत. हिंगण्याच्या कारखान्यांकडून येणाऱ्यांना घरवाल्याची कामाची पाळी दिवसाची की रात्रीची ते विचारीत. माहेरी जाताना पाकीट कुठे ठेवता, हेही विचारीत. काही जणी कुरकुरत, की गोळी घ्यायला आलो तर ही बाई घरची चौकशी करते. बाई म्हणत, "गोळी काय माझ्या टेबलावर घेणार आहेस? घरीच घेशीन ना?"

माझ्या ऑपरेशनाच्या दिवशी मधली बाहेर रडत होती, तर डबा खायचे सोडून बाई तिची वेणी घालत बसल्या. हे मला नंतर मधलीनेच सांगितले.

आज सासूबाई नाहीत. माझी तिन्ही मुले माझ्यासमोर मोठी झाली. मधलीचे लग्न या माघात ठरले आहे. रुखवत, पापड, साड्या, माझ्या हातची सगळी तयारी झाली. पण मुलीला लग्नाआधी चार गोष्टी सांगायला हव्यात, त्या सांगायला बसले की माझा आवाज आपोआप खाली जातो आणि ती म्हणते, "आई, काय पुटपुटून राहिलीस?"

तेव्हा बाई, परमेश्वर आपणास उदंड आयुष्य देवो, गुडघे चालते राहोत, दृष्टी निर्मळ राहो. प्रतापनगरच्या त्या दोन खोल्यांत एकटे राहून वेळीअवेळी जेवता हे बरे नाही. सत्काराचा कार्यक्रम आटोपला की आठ दिवस आमच्याकडे यावे. ते ताट सोबत आणावे, नसेल तर नुसते यावे. मुलगी वाट पाहते आहे. कोणत्या दिवशी येता ते उलट टपाली कळवावे, म्हणजे यजमानांना बसथांब्यावर पाठवते.