सदाशिवरावांची लवकी

आंजीच्या बाजारात गोल लवकी, म्हणजे दुधी भोपळा, दिसली की ती कुणाची, हे विचारावं लागत नसे. ती सदाशिवरावांचीच असायची. घागरीएवढी, मान नाही, कुठे वाकडेपणा नाही, आणि एक कापली की घरादाराला पुरून शेजारी वाटी जायची. सगळीकडे लवकी लांबोडी झाली, पिशवीत मावेल अशी झाली, पण या गृहस्थांनी आपला हट्ट सोडला नाही. बी मात्र त्यांनी जन्मात विकलं नाही. मागेल त्याला मूठभर द्यायचे, वर चहा पाजायचे. झालं असं, की गावात कुणीच ते बी धरून ठेवलं नाही. सदाशिवरावांकडे असतंच की, मग आपण कशाला वाळवत बसा!

बी धरायची रीत देवकाबाईंना नवऱ्याइतकीच ठाऊक होती. चांगली लवकी वेलावरच राहू द्यायची, साल लाकडासारखी टणक झाली आणि आत बिया खुळखुळल्या की उतरवायची, बी धुऊन राखेत घोळायचं. एकच गोष्ट त्यांनी कधी मनावर घेतली नाही. संध्याकाळी पांढरी फुलं उमलायच्या वेळी सदाशिवराव त्यांच्या देवपूजेच्या टोपलीतलं सूत पळवायचे. आपल्याच वेलाचं नर फूल तोडून मादी फुलावर घासायचे आणि त्या फुलाचं तोंड सुताने बांधून टाकायचे. वातींना सूत कमी पडलं की देवकाबाई चिडायच्या.

"फुलायचं लगन लावून राह्यले का तुमी?" त्यांनी एकदा विचारलं.

"हो. घरातल्या घरात लावतो. बाहेरचं स्थळ नाई पायजे आपल्याले."

देवकाबाई पदर तोंडाला लावून हसल्या. पुढे कितीतरी दिवस आल्यागेल्याला त्या हा किस्सा सांगत असत.

दोन वर्षांपूर्वी, वेल मांडवावर चढत असतानाच सदाशिवराव छातीत कळ येऊन गेले. घर दुःखात, मांडवाकडे कोण बघणार? बरेचसे वेल वाळले, एक तेवढा तगला. धाकटे दीर बंडूजी मायाळू माणूस. वहिनीच्या हाताशी काही यावं म्हणून त्यांनी शेजारच्या पट्टीत विकतचं लांब लवकीचं बी लावून दिलं, पाणीही स्वतःच दिलं. त्यांच्या मनात काही वाईट असतं तर देवकाबाईंना निदान कुणावर तरी रागावता आलं असतं.

त्या एकट्या वेलाला एक लवकी अशी धरली की बघत राहावी. तशीच गोल, तशीच भरदार. देवकाबाईंनी ती बियाण्याला राखली. रोज सकाळी जाऊन तिच्यावरून हात फिरवायच्या. वर्षश्राद्धाच्या दिवशी त्यांनी जेवून उठलेल्या प्रत्येकाच्या हातावर तिचं बी ठेवलं. सदाशिवरावांचं देणं थांबलं नाही, असं सगळे म्हणाले, आणि देवकाबाईंना त्या दिवशी वर्षभरात पहिल्यांदा जेवण गोड लागलं.

पावसाळा सरता सरता लोक येऊन बियाण्याची आडून आडून चौकशी करू लागले. सगळ्यांच्या मांडवावर लांब मानेची लवकी लटकत होती. देवकाबाईंच्याही. त्यांना वाटलं, आपल्या हातून बी बदललं असेल. त्यांनी डबे पालथे घातले. मग घरोघर जाऊन विचारलं, जुनं बी कुणाकडे उरलंय का. कुणाकडेही नव्हतं.

बंडूजींची नात आचल कृषी महाविद्यालयात शिकते. सुट्टीत आली तेव्हा तिने मोठ्या आजीला मांडवाखाली बसवून समजावलं. वेलाच्या फळाचा आकार आणि आकारमान तो ज्या बीतून उगवला तिच्यातली जनुकं ठरवतात, आणि ती आईकडून निम्मी, बापाकडून निम्मी येतात. लवकीचा गर आणि साल मात्र सगळी आईची. म्हणून त्या वर्षीची लवकी गोलच दिसली. रात्री पतंगांनी शेजारच्या पट्टीतला पराग आणला होता, तो आत बियांत लपून बसला. देवकाबाईंनी विचारलं, मग गोलपणा कायमचा गेला का? आचल म्हणाली, गेला नाही, दबला असेल. याच वेलांचं बी धरून पुन्हा लाव, पुढच्या पिढीत काही वेलांवर वर येईल.

आला. यंदा एका वेलाला अगदी गोल लवकी धरली, मान नावालाही नाही. देवकाबाई सकाळ-संध्याकाळ तिच्यापाशी जाऊन बसू लागल्या. पण ती तांब्याएवढी झाली आणि तिथेच थांबली. पलीकडच्या वेलावर एक घागरीएवढी फुगली, तिला मात्र हातभर मान. घरातही असंच होतं म्हणा, आजोबांचं नाक एका नातवाला येतं आणि उंची दुसऱ्याला.

आचल पुन्हा आली तेव्हा दोन्ही वेल बघून म्हणाली, आकाराची जनुकं वेगळी, आकारमानाची वेगळी, आणि तीही एक-दोन नसतात. या दोघांचा मेळ घालून निवडत गेलं तर काही वर्षांत जवळपास तशी लवकी मिळेल.

"तशी का तीच?" देवकाबाईंनी विचारलं.

"तशी," आचल म्हणाली.

संध्याकाळ झाली, फुलं उमलायला लागली. आचलने छोट्या गोल लवकीच्या वेलावरचं मादी फूल धरलं, मोठीच्या वेलाचं नर फूल त्यावर घासलं आणि तोंड बांधायला धागा मागितला. देवकाबाई घरात गेल्या आणि देवाच्या टोपलीतलं सूत घेऊन आल्या. ते हातात घेऊन त्या तशाच उभ्या राहिल्या.

"मोठी आजी, हे बांधाचं कारण मोठ्या आबाजीनं तुले कधी सांगतलं नाई का?"

"सांगतलं होतं," देवकाबाई म्हणाल्या. "मीच हासली."

मग त्यांनी फुलाच्या पाकळ्या मिटवल्या आणि गाठ मारली.