दुपारच्या खिडकीवरची गोधडी

अक्काच्या अंगावर माहेरची साडी पडायची होती, म्हणून सगळा गाव आमच्या अंगणात खोळंबला होता. भावानं आणलेली साडी पांघरवल्याशिवाय गेलेल्या लेकीला उचलत नाहीत. अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. तिचा एकुलता भाऊ, बापूमामा, राहतो जवळा बाजारला. तिथून आमच्या गावी, हट्ट्याला, यायला असा कितीसा वेळ? फोन तर सकाळीच गेला होता. दुपार कलली तरी मामाचा पत्ता नाही. सगळे रस्त्याकडे बघत होते आणि माझ्या मनात भलतंच येत होतं... या बाईनं जन्मभर ज्याची धास्ती घेतली, ते नेमकं आजच व्हायचं होतं का?

धास्ती कसली, तर दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो. हे सगळ्याच आया म्हणतात, नि पोरांनी लकडा लावला की विसरतात. अक्का विसरायची नाही, कारण तिच्या पोरांचा मामा खरोखरच रस्त्यावर होता. नव्वदच्या दशकात बापूमामा ट्रक घेऊन मुलूखभर हिंडायचा. आई लवकर गेलेली, त्याला कडेवर घेऊन वाढवलं ते अक्कानंच. दिवेलागणीनंतर ती राक्षसाच्या गोष्टी अशा रंगवायची, की माझी तव्यावरची भाकर करपायची. पण दिवस उगवला की तोंडाला कुलूप.

पुढे घरात सीडीचं यंत्र आलं. माझी मीना वसमतहून जादूच्या परदेशी सिनेमाचा एकेक भाग आणायची. हिंदीत बोलणारे गोरे लोक, आग ओकणारे अजगर, दाढीवाला जादूगार, आणि घर सोडून काळ्या डोंगराकडे निघालेलं एक पोरगं. सगळी आळी वेडी झाली होती. अक्काला बघायचा नव्हता असं मुळीच नाही, चुलीपुढून तिचा कान इकडेच असायचा. पण संध्याकाळ झाली की वीज जायची. सिनेमा बघायचा तर दुपारीच. आणि दुपारी गोष्ट? छे, नाव काढू नका!

"अक्का, सिनेमा आहे तो, गोष्ट नाही," मी म्हणायची.

"मंग त्यात काय भजन करून राहिले का?"

मीनानं एकदा खिडकीवर गोधडी टांगली. "बघ मोठी आई, झाली रात्र!"

"मला फसवशील गं लेकरा, ट्रकच्या चाकाला कसं फसवशील?"

मला तिचा रागच यायचा. एवढी गोष्टीवेडी बाई, भावापायी स्वतःच्या तोंडचा घास बाजूला ठेवते, आणि त्या बहाद्दराला त्याची खबरही नाही!

मग मामाची कंबर गेली, ट्रक सुटला, आणि भाऊबीजेला तो घरी आला. मीनानं चहाडी केलीच. मामा पोट धरून हसला, अक्काशेजारी बसकण मारत म्हणाला, "हे बघ बाई, मी हितंच हाये. आता कुठं चुकतो? लाव गं पोरी!" अक्का बसली, तरी गोधडी टांगायला लावलीच, वर मामाच्या सदऱ्याची बाही मुठीत धरली. सिनेमातलं पोरगं धुक्यात वाट चुकलं, तशी ती कळवळून म्हणाली, "अगं माय, याला बहीन न्हाई काहून?" आम्ही हसून लोळलो. मामा मात्र हसला नाही. सिनेमा संपेपर्यंत त्यानं बाही सोडवून घेतली नाही. पुढचे भागही तिनं असेच बघितले, मामा शेजारी असेल तरच. शेवटचा भाग यायच्या आत तिनं अंथरूण धरलं... आणि गेलीच.

त्या दिवशी मामा पोचला तो साडी छातीशी कवटाळून. मला म्हणाला, "ताई, सरळ रस्ता हाये. डोळे भरून आले, फाटा दिसलाच न्हाई. पार वसमतपतुर गेलो. सारा मुलूख फिरलो, कधी चुकलो न्हाई, अन् आज..." त्यानं अक्काला साडी पांघरवली तेव्हा त्याच्याकडे बघायचा माझा धीर झाला नाही.

परवा मामा पुन्हा आला. अक्काच्या खोलीत बसला नि मीनाला म्हणाला, "राहिलेला भाग लाव. बाईचा बघायचा राहिला व्हता." टळटळीत दुपार होती. गोधडी घडी घालून पेटीवर ठेवलेली होती, मी ती तशीच राहू दिली. म्हटलं, आता कोणासाठी? मामा उठला. एक हात कंबरेवर ठेवून खिडकीशी गेला आणि स्वतःच गोधडी टांगू लागला.

"मामा, तुम्ही तर हे मानत नव्हता," मी म्हणाले.

"आजबी न्हाई मानत. पन ताई, बाई आत्ताच तर निघाली. अजून वाटंतच असंल. ती चुकाया नगं."