रेणूच्या नावाची लाइन

भंडाऱ्याच्या मेश्रामबाबूंच्या घरात माणूस एक आणि इंटरनेटच्या लाइनी दोन. टकल्याला दोन कंगवे, असं शेजारचे भैय्याजी तोंडावर म्हणायचे. बाबू हसायचे, पण लाइन काही काढायचे नाहीत. जुनी लाइन रेणूच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या नावावर होती. ती गेल्यावर तिच्या नावानं चालू असलेलं घरात तेवढंच उरलं होतं.

बाबूंचा उभा जन्म सरकारी कचेरीत कॉम्प्युटर सांभाळण्यात गेला. जिल्हा फुटला तेव्हा निम्मे सोबती गोंदियाला गेले, बाबू भंडाऱ्यातच राहिले. रिटायर झाल्यावर त्यांनी एका जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकून घरचा सर्व्हर केला आणि त्यात रेणूची घरी रेकॉर्ड केलेली गाणी ठेवली. रेणू विहारात गायची, तांदूळ निवडतानाही गायची. हा खटाटोप पुण्यातल्या तृप्तीसाठी, एकुलत्या लेकीसाठी, तिला तिथं बसून ऐकता यावं म्हणून. तिच्याच आग्रहानं नवी, वेगवान लाइन आली. बाबूंनी सर्व्हरला दोन्ही लाइनी जोडल्या आणि तृप्तीला नव्या लाइनीचा पत्ता दिला. सर्व्हरचा बाहेर जायचा रस्ता मात्र पहिल्यासारखा रेणूच्याच लाइनीनं राहिला. तो बदलायला त्यांचा हात धजला नाही.

त्या पत्त्यावर काही उघडत नाही, असं तृप्तीनं कळवलं. बाबूंनी घरात बसून पाहिलं, तर छान उघडत होतं. तुह्याच तिकडं काही असन, असं ते म्हणाले.

"मंग ते जुनी लाइन काढून टाका ना, बाबा. कायले ठेवता?"

"राहू दे," बाबू म्हणाले.

त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही. फोन आला की तब्येत, जेवणखाण, झालं. पोरगी आईला विसरली, असं बाबूंनी मनाशी धरलं आणि आतल्या आत कुढत राहिले.

एका रविवारी सकाळी शेजारच्या सीताबाई दारात आल्या. त्यांनी मागे पितळी वाटीतून जवसाची चटणी दिली होती. वाटी रिकामी परत करायची नसते, एवढं बाबूंना ठाऊक. त्यांनी तीत गूळ घातला आणि नेऊन दिली मागच्या घरच्या सत्यभामाबाईंना. रेणूची वाटी सदा त्याच घरी जायची, पाय सवयीनं तिकडेच वळले.

"भाऊजी, माही वाटी सत्यभामाबाईकडे काहून गेली? वाटीवर माहं नाव कोरलेलं हाये. ते म्हणते, म्या तं काही धाडलंच नाही, हे मले कायले?"

बाबू खजील झाले. सीताबाई गेल्या, पण बाबू उंबऱ्यातच थबकले: वाटी आली एका घरून, परत गेली दुसऱ्याच घरी. मग सर्व्हरपुढे बसून त्यांनी दोन्ही लाइनींवरची ये-जा पडद्यावर लावली.

पुण्याहून कोणीतरी नव्या लाइनीनं दार ठोठावत होतं. तो पत्ता बाबूंनी एकट्या तृप्तीलाच दिला होता. सर्व्हर उत्तर देत होता, पण रेणूच्या लाइनीनं. तिथून निघालं की उत्तरावर दुसराच पत्ता चढायचा, आणि जिथं विचारलंच नाही तिथलं उत्तर तृप्तीचा फोन घेत नव्हता. घरात बसून पाहिलं की उत्तराला बाहेर पडावंच लागत नव्हतं, म्हणून इतके दिवस सगळं छान दिसलं.

पोरगी विसरली नव्हती. ती ठोठावत होती आणि बाप आत रुसून बसला होता.

रेणूची लाइन तोडली असती तर काम तिथंच संपलं असतं. ते त्यांनी केलं नाही. सर्व्हरला नवा नियम लिहून दिला: नव्या लाइनीच्या पत्त्यावर जे येईल, त्याचं उत्तर नव्याच लाइनीनं जाईल.

थोड्या वेळानं नव्या लाइनीच्या डब्यावरचा, म्हणजे राउटरवरचा, दिवा लुकलुकू लागला. पुण्यात रेणू गात होती. बाबू फोन हातात धरून बसले. फोन वाजला नाही. तृप्ती रडत असेल. रडताना ती कोणाशी बोलत नाही, आईवर गेली आहे.

जुन्या डब्याचा दिवा मात्र गप्प झाला होता. तिकडून जाणारं आता कोणी उरलं नव्हतं. बाबूंना ते बघवेना. त्यांनी आपला मोबाइल रेणूच्या लाइनीला जोडला आणि तेच गाणं लावलं. तो दिवाही लुकलुकला.

गाता गाता रेणू मध्येच थांबली.

"अजी, दूध पाहा ना, उतू जाऊन राहिलं."

बाबू उठले, स्वयंपाकघरात गेले आणि थंड शेगडीपुढं उभे राहिले.