कोणी कोणाला नाकारले, याविषयी

आमच्या घराची वरची खोली कंधारच्या एका मुसलमान मुलीला कशी मिळाली, याच्या तीन कथा लातुरात प्रचलित आहेत आणि तिन्ही चुकीच्या आहेत. पुण्यातला मुलगा सांगतो, बाबा पहिल्यापासूनच पुरोगामी. शेजारचे निवृत्त मास्तर म्हणतात, यांना फसवले गेले. पत्नीच्या मते निर्णय तिचा होता. मी हयात असताना ही मंडळी माझ्या वतीने इतिहास रचतात, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

शिकवणी वर्गांच्या भरभराटीत आमच्या गल्लीतल्या घराघरावर एकेक खोली चढली होती (आमची आधीपासूनच होती) आणि प्रत्येक फाटकाशी मुलाखत होत असे. घरमालक खुर्चीवर, पालक उभे. गाव कोणते, आडनाव काय, खाणे काय. मुलाचे गुण शेवटी, वेळ उरला तर. मीही हेच करीत असे.

एका गुरुवारी हे बापलेक आले. बाप गवंडी, नखांत सिमेंट मुरलेले. मुलीची डॉक्टरकीच्या प्रवेशाची बॅच सोमवारी सुरू व्हायची होती, आणि गल्लीतली बाकी सारी फाटके त्यांना नाही म्हणून चुकली होती. मीही नाही म्हणालो. धर्मामुळे म्हणालो, असा माझ्यावर आरोप आहे. साफ खोटे. ती मुलगी आहे म्हणून मी नाही म्हणालो. धर्मापर्यंत आम्ही पोचलोच नव्हतो.

"मुली ठेवत नाही. जबाबदारी असते. मुलांचा ताप नसतो," मी म्हणालो.

"अहो, मागच्या पोरांनी गच्चीवर कोंबडी भाजली तेव्हा पडदा कुणाचा जळाला?" पत्नीने आतून विचारले.

शाकाहाराची हमी देऊन राहिलेली ती पोरे आमच्याच नात्यातली होती, हे येथे नोंदवून ठेवतो.

आमचे हे चालले असता गवंडी लेकीला घेऊन बाहेरच्या जिन्याची भिंत बोटांनी वाजवीत वर पोचला होता. मी मागोमाग गेलो.

"साहेब, घर भूकंपाच्या आधीचं का नंतरचं?"

"आधीचे! मी पाटबंधारे खात्यातला ओव्हरसियर, स्वतः उभे राहून बांधून घेतले आहे. तडा नाही गेला कुठे."

त्याने भिंतीवरचे कॅलेंडर अलगद बाजूला सारले.

"मग ह्ये काय हाय?"

"रंगाची रेघ."

"रंगाच्या रेघेत नख जात न्हाई, साहेब." आणि मुलीकडे वळून, "चल बेटा. हितं न्हाई ठेवायचं."

मी नाकारलेल्या माणसाने मलाच नाकारावे, ही व्यवस्था मला मान्य नव्हती. तेवढ्यात मुलगी म्हणाली, "अब्बा, मग सोमवारी मी राहू कुठं?" भूकंपात त्याने ढिगाऱ्यांखालून काय उपसले होते कोणास ठाऊक. पण त्या भेगेखाली लेकीला निजवायला तो तयार नव्हता.

"भेग दुरुस्त होते ना?" मी विचारले.

"होती की. सळया घालून दोन दिवसांत."

"मग करा. खोली तिचीच."

याला लोक औदार्य म्हणतात. माझ्यातला ओव्हरसियर चिडला होता. त्यात माणुसकी किती होती, हे मला आजही सांगता येत नाही.

शनिवार-रविवार त्याने काम केले. भिंत पक्की होईपर्यंत तिला वर निजू देईना, म्हणून सोमवारी ती वर्गाला गेली ती आमच्या बैठकीच्या खोलीतून. तेवढा भाग पत्नीचा, तो मी मान्य करतो. पुढचे आठ दिवस मुलगी हाडांची नावे घोकत भिंतीवर पाणी मारीत असे. शेवटी बापाने ओल तपासली आणि हसून म्हणाला, "साहेब, पोरगी तुमच्या न्हाई, भिंतीच्या भरवशावर ठेवायलोय."

किल्ली देताना मी नियम सांगितला. "रात्री आठच्या आत घरात."

"काका, मुलांना किती वाजेपर्यंत होतं?"

"मुलांना वेळ नव्हती."

"मग मलाही तीच ठेवा. वर्गच नऊला सुटतो."

पुढे तडजोड पत्नीने केली, असे पत्नी सांगते. चूक. साडेनऊ मी ठरवले. मुलीने मान डोलावली, बाहेरच्या जिन्याच्या दाराची, मला न उठवता वर जाता येईल अशी, दुसरी किल्लीही मागून घेतली, आणि मी दिली.