पंत-पुंजाची शेवटची ओळ

वलगावहून आलेल्या गाडीवानाने ‘पुंजाजी गेले’ म्हणून सांगितले, तेव्हा माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, “तुला कोणी पाठवलं?” मरणाच्या बातमीवरही शंका घ्यावी, असा माझा स्वभाव. आमचे बोलणे कित्येक वर्षे बंद होते. मला वलगावला आणायची ही त्याची युक्ती असेल, असे वाटले... दोन दिवसांनी दुसऱ्याकडून खात्री करून घेतली, मग रडलो.

कापसाला सोन्याचे दिवस आले तेव्हा मी पुण्याकडून अमरावतीला एका आडत्याकडे कारकून म्हणून आलो. तिथेच भेटला पुंजाजी माळी. जवळच्या वलगावला त्याचा भाजीचा मळा होता. मोट हाकताना तो गायचा आणि गावच्या दंडारीला चाली द्यायचा. दंडार म्हणजे वऱ्हाडातला गाण्या-नाचाचा खेळ. तेव्हा त्यात गोष्ट थांबायची, गाणे व्हायचे, मग पुन्हा गोष्ट सुरू. आम्ही दोघांनी भांडणच गाण्यात आणले. सगळ्या वावरात कापूस लावून बसलेल्या नवऱ्याला बायको गाऊन विचारते, ‘आता कापूस शिजवू का?’ आणि नवरा त्याच चालीत तिच्यावर उलटतो. बघणाऱ्या बाया हसता हसता आपापल्या नवऱ्यांकडे बघायच्या. मोर्शीपासून बडनेऱ्यापर्यंत लोकांनी ते गाणे उचलले. त्याच्यासारखी चाल बांधणारा मी दुसरा पाहिला नाही. हे त्याच्या तोंडावर मात्र कधी म्हणालो नाही.

शब्द माझे, चाल त्याची. मी ओळ वाचली की तो बैल थांबवून एवढेच म्हणायचा, “कावून?” म्हणजे का म्हणून. एकदा म्हणाला, “पंत, थे बाई ‘मला’ कावून म्हनून राह्यली? पुन्याची हाये का?” मी चडफडत ‘मला’चे ‘मले’ केले, आणि ओळ चालीत चपखल बसली. तरी त्याचे ते ‘कावून’ मला टोचायचे. हा माझे शब्द शिकून घेतोय, उद्या आपलेच म्हणून सांगेल, असा किडा डोक्यात शिरला. म्हणून प्रत्येक गाण्याची शेवटची ओळ ‘पंत-पुंजा सांगती’ अशी दोघांच्या नावांची हवी, असा हट्ट मी धरला. तो हसला. “घाला ना पंत. माह्या नावाच्या आंदी तुमचं घाला.” मी खेळाला असलो की ती ओळ ठसक्यात म्हटली जायची. मी नसताना काय होते, ते बघायचे मी मनात ठेवले होते.

तशी संधी आली. मालकाच्या कामाने अकोल्याला गेलो होतो, आगगाडी तेव्हा नवीनच होती. बाजाराच्या कडेला भर दुपारी दंडार रंगलेली, माणसे पुंजाजीची, गाणे आमचे. मी गर्दीत मागे उभा राहिलो. शेवटचे कडवे झाले आणि नावांची ओळ न म्हणताच ढोलकी थांबली. सापडला, म्हटले! त्याला न भेटताच परतलो. पुढे दोनदा तो घरी आला, मी दोन्ही वेळा आतून ‘घरी नाहीत’ म्हणून सांगायला लावले.

तेराव्याला मात्र गेलो. जेवणे उरकल्यावर दंडारीची म्हातारी मंडळी मांडवात बसून तेच गाणे म्हणू लागली. शेवटच्या ओळीपाशी सगळे पुन्हा थांबले. माझा इतक्या वर्षांचा राग उसळला.

“आता तरी नावं का गाळता?”

ढोलकीवाल्या किसनाने ढोलकी बाजूला ठेवली. “पंत, पुंजादादाची तंबी होती. तुमी दोघं संग असल्याबिगर थे ओळ म्हनाची नाई. एकट्याच्या तोंडी थे चोरी होते, म्हनत.” मग म्हणाला, “अकोल्याले तर लई वाट पायली त्यायनं. ‘मालकाच्या कामानं पंत बाजाराले आले असन,’ म्हनत होते.”

मी आलो होतो... मागे, गर्दीत.

महिना झाला. सकाळी आंघोळ करताना ते गाणे ओठांवर येते आणि त्या ओळीपाशी जीभ अडते. किसनाने मला बरे वाटावे म्हणून हे रचले असेल, तंबीबिंबी काही नसेल, असे मी मनाला रोज बजावतो. आयुष्यभर लोक खोटे बोलतात म्हणून संशय घेतला. आता मनापासून वाटते, निदान किसना तरी खोटे बोललेला असू दे.