मनोरीच्या विहिरीत लक्षद्वीपची परीक्षा

शनिवारी सकाळी मालाडच्या रिक्षावाल्याने आमचा सिलिंडर पाहिला आणि सुरू केलेली रिक्षा बंद केली.

“गॅस नाही नेणार, साहेब. फुटला तर माझी वाट लागेल.”

“गॅस नाही, हवा आहे,” कदम सर म्हणाले.

“हवा? ती भरून कशाला नेता? मार्वेला फुकट मिळते की!”

तरीही तो निघाला. सिलिंडर सरांच्या मांडीवर, रबरी पोशाखाची पिशवी माझ्या पायांशी आणि सुलभा राणे कोपऱ्यात अंग चोरून, अशी आमची मोहीम मार्वेच्या धक्क्याकडे सरकू लागली.

कदम सर नौदलातून निवृत्त झालेले पाणबुडे. घाटकोपरला त्यांच्या गॅलरीत कित्येक रविवार बसून आम्ही लक्षद्वीपचा बेत आखला होता. पाठीवर हवेचा सिलिंडर बांधून तिथल्या एका बेटाजवळच्या प्रवाळांत उतरायचे. जहाज, परवाने, भरती-ओहोटी, सगळे जुळले होते. मी वार्ताहर, पाण्यावर तरंगत वरून पाहणार होतो. खाली सर जाणार होते आणि त्यांची जोडीदार म्हणून बोरिवलीच्या बँकेत काम करणारी सुलभा. एकट्याने खाली जायचे नाही, हा सरांचा नियम.

अडचण एकच होती. पाण्याखाली डोळ्यांवरचा मास्क काढायचा, तोंडातल्या नळीने श्वास चालू ठेवायचा, मास्क परत लावायचा आणि नाकाने फुंकून आतले पाणी घालवायचे, ही परीक्षा सुलभा अंधेरीच्या तलावात दोनदा नापास झाली होती. नाकात पाणी शिरले की ती वर यायची. सोमवारी सर जहाजासाठी कोचीला ट्रंक कॉल करून नावे कळवणार होते. ती आज पास झाली नाही, तर मुलुंडचा त्यांचा एक विद्यार्थी जाणार होता.

“सगळ्या ब्रँचला सांगून बसलेय रे मी,” फेरीबोटीत सुलभा मला म्हणाली. “मॅनेजर तर विचारतो, मासे कधी आणताय? आता काय करूचा?” घाबरली की ती मालवणीवर येते.

मनोरीला खडकांपाशी पाणी नितळ असेल, अशी सरांची अटकळ होती. पाणी चहासारखे होते. गुडघाभर पाण्यात उभे राहून सरांनी हात बुडवला. कोपराखालचा हात दिसेनासा झाला.

“मला दिसलं नाही तर मी पास कसं करू, राणेबाई?”

“मी शप्पथ घेऊन सांगते ना, सर.”

“बँकेत चालतं का असं?”



कपडे बदलायला सुलभाची बँकेतली मैत्रीण फिलोमिना हिच्या घरी जायचे ठरले होते. घराला मांडव होता. दुसऱ्या दिवशी फिलोमिनाच्या बहिणीचे लग्न होते. हे आधी सांगितले का नाही, असे विचारल्यावर फिलोमिना म्हणाली, “सांगितलं असतं तर तुम्ही आला असता काय?” पुढ्यात लगेच फुगे (मैद्याचे तळलेले पोकळ गोळे) आणि कोंबडीचा लालभडक रस्सा आला. पाण्यात उतरण्याआधी पोटभर खायचे नाही, हाही सरांचा नियम. तो सुलभाने अर्ध्या फुग्यावर पाळला. आता समुद्रात उतरायचे नाही असे ठरवून टाकलेल्या सरांनी आणि मी पाळला नाही.

दुपार कलल्यावर बँड वाजू लागला. उंबराचं पाणी (लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीवरून आणायचे आंघोळीचे पाणी) आणायला मंडळी निघाली. लुगडी नेसलेल्या बाया गात पुढे, आम्ही मागे. वाडीतली ती विहीर दगडी बांधणीची आणि खोल होती. कठड्यावरून वाकले तर तळाचे दगड दिसत होते.

घागर सोडायचा मान मामाचा. फोटोवाल्याने घागरीचा झेंडूचा हार दिसायला हवा असा आग्रह धरला, म्हणून हार आधी घागरीच्या गळ्यात घालून दोर त्यावर बांधला गेला. फास फुलांवर बसला. घागर भरून वर येऊ लागली, फुले चुरगळली, फास घसरला आणि घागर तळाला गेली. बँड थांबला.

गळ टाकून पाहिला. घागर दोन दगडांत तोंड खाली करून अडकली होती. आकडा नुसता घसरत होता.

“दुसरी आणा रे,” मामा म्हणाला.

“दुसरी नाय चालायची!” फिलोमिनाची आत्या कडाडली. “हिच्या आईची आंघोळ त्या घागरीनं झाली, माझी झाली. फोटोवाल्याला टाका आत!”

कदम सर कोट काढू लागले. सुलभाने त्यांना अडवले. “सर, मी जाते. तुम्ही जेवलायत.”

सरांनी तिच्याकडे पाहिले, मग पाण्याकडे. “ठीक. जोडीदार मी, वरून. दोरी कमरेला. एक झटका म्हणजे ठीक. सलग झटके म्हणजे वर ओढतो.”

रबरी पोशाखात, पाठीवर सिलिंडर बांधून आलेली सुलभा पाहून आत्याला शंका आली. “नवरीच्या पाण्यात हे रबर?”

“आंघोळीचं पाणी हाय, पिवाचं नाय,” नवरीनेच निकाल दिला.

पायऱ्या पाण्यापर्यंत होत्या. सुलभा बुडाली. खालून बुडबुडे येत राहिले. तिने घागर सोडवली, गळ्यातला चोथा झालेला हार काढून दोर बांधला. घागर वर आली, बायांनी गाणे पुन्हा धरले. सुलभा वर आली नाही.

“बाई अडकली काय?” मामा दोरीला हात घालू लागला.

“थांबा,” सर म्हणाले. ते कठड्यावर पालथे झोपले होते.

तळाशी बसून सुलभाने मास्क काढला आणि वरून दिसावा म्हणून डोक्यावर उंच धरला. बुडबुडे एकदम दाट झाले, मग थांबले. गाणेही थांबले. सरांच्या हातातली दोरी सैलच होती. पुन्हा बुडबुडे आले, संथ. मास्क चेहऱ्यावर गेला. नाकाने फुंकलेली हवा त्याच्या कडेने फसफसून निघाली. दोरीला एक झटका बसला.

“पास,” सर उठत म्हणाले, कोणालाही उद्देशून नाही. बँडवाल्यांना कारण माहीत नव्हते; त्यांनी वाजवायला घेतले.

वर आलेल्या सुलभाने पहिली बातमी दिली, की खाली एक बादली, दोन चपला आणि एक पितळी पळी आहे. “पळी माझी!” आत्या म्हणाली. “जा गो परत, आण.” ती परत गेली. पळी आणली. मग मात्र तिला कोणी फुगे मोजून खाऊ दिले नाहीत.

सूर्य मावळता मावळता आम्ही फेरीबोटीत बसलो. सुलभाचे केस ओले होते आणि नाक लाल झाले होते. सर पहिल्या दिवशी किती खोल जायचे, हवा किती उरली की परतायचे, ते तिला पुन्हा समजावत होते. शेवटी म्हणाले, “आणि राणेबाई, तिथल्या तळाशी कोणाचं काही पडलेलं नसतं. प्रवाळाला हात लावायचा नाही.”

“बघते हं, सर,” ती म्हणाली. “मॅनेजरला मासे कबूल केलेत.”

सर हसले. मी त्यांना हसताना प्रथमच पाहिले.

मनोरीला आम्ही समुद्रासाठी गेलो आणि गुडघ्यापलीकडे समुद्रात न उतरता परतलो. तरी लक्षद्वीपचा प्रवास मी त्या दिवसापासूनच मोजतो. तोवर आमचे प्रवाळ गॅलरीतल्या गप्पांत होते. मार्वेला उतरताना सुलभा पिशवी उचलून आमच्या पुढे चालू लागली होती.